पेशवेकालीन दुरावा

इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकादंबरीत नवरा-बायकोचं बिनसलं की लेखकाचं निम्मं काम ते घरच करून टाकतं. त्याची खोली वेगळी, तिची वेगळी, मधे भलामोठा जिना. जॉर्जेट हेयर या बाईंची 1957 सालची ‘एप्रिल लेडी’ घ्या. नवरा अर्ल, बायको कोवळी आणि उधारीत बुडालेली. त्याला वाटतं हिनं आपल्या पैशाशी लग्न केलं, तिला वाटतं यानं निव्वळ सोय पाहिली. एवढ्या भांडवलावर बाईंनी अख्खी कादंबरी रेटली आहे. ती वाचून खाली ठेवली आणि माझ्या अंगात आलं. हेच आपण पेशवाईत न्यायचं! साल 1759, शनिवार पेठेतला वाडा, नायक पेशव्यांच्या फडावर कारकून, नायिका त्याची बायको, दोघांत दुरावा आणि शेवटी मनोमीलन. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना फोनवर सांगितलं तर ते ‘वा वा’ म्हणाले. संपादक ‘वा वा’ म्हणतात तेव्हा ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी काही वाचत असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिल्या प्रकरणात मी अबोला घातला. सकाळपासून ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही, त्यानंही तिच्याकडे वळून पाहिलं नाही, दोघं वेगवेगळे जेवले, रात्री तो ओसरीवर निजला आणि ती माजघरात बायकांत. लिहिताना माझेच डोळे पाणावले. आत्या आमच्याकडे राहायला आली होती. तिचं वय ऐंशीच्या पुढे आणि वाचन दांडगं. तिनं चष्मा लावून पानं वाचली आणि म्हणाली, ‘‘बरं आहे की रे. सुखाचा संसार दिसतोय.’’

‘‘आत्या, त्यांचं भांडण झालंय!’’

‘‘कुठं? माझी आजी आजोबांशी दिवसाउजेडी कधी बोलली नाही. नाव तर घ्यायचंच नाही. सात मुलं झाली.’’

इथे माझ्या कादंबरीचा पाया खचला. वाड्यात तीस-चाळीस माणसं, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची चोरी, पुरुषांच्या पंगती आधी, बायकांच्या मागून. म्हणजे एकमेकांवर जीव टाकणारं जोडपं आणि एकमेकांचं तोंड न पाहणारं जोडपं, दोन्ही बाहेरून तंतोतंत सारखी! दुरावा दाखवायचा तरी कसा? जिन्यावर गाठ घालून द्यावी तर वाड्याचे जिने भिंतीत दडवलेले, अंधारे. एक माणूस चढत असला तर दुसऱ्यानं वर थांबावं. तिथं तिनं मान फिरवली तर ती कुणाला दिसणार?

आत्यानं आणखी एक फाटा काढला. ‘‘ही रुसून माहेरी गेलेली की टाकलेली? आधी ते ठरव. रुसलेली असेल तर सासऱ्यानं मूळ पाठवायचं, म्हणजे चार दिवसांत परत. टाकलेली असेल तर तुझी गोष्ट संपलीच.’’ माझा नायक तिला चोरून पत्रं लिहिणार होता. आत्यानं विचारलं, ‘‘तिला वाचता येतं?’’ पेशव्यांच्या घरच्या बायका लिहीत-वाचत, गोपिकाबाईंची पत्रं प्रसिद्ध आहेत. पण कारकुनाच्या बायकोचं काय, याचा मी विचारच केला नव्हता. पत्र गेलं असतं, आणि तिच्या वडिलांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं असतं.

तेव्हा नायकाला पानिपतावर पाठवला. तेवढीच दोघांत अंतराची सोय! आमच्या ओळखीचे मोडी वाचणारे एक स्नेही आहेत. त्यांनी ते प्रकरण वाचलं आणि पेन्सिल काढली. ‘‘पानिपतावर बायका गेल्या होत्या. भाऊसाहेबांच्या पार्वतीबाई होत्या, विश्वासरावांच्या लक्ष्मीबाई होत्या. हिला का नाही नेलं?’’ मी म्हटलं, दुरावा आहे म्हणून. ते म्हणाले, ‘‘तो कारकून आहे. त्याच्या दुराव्याची नोंद कोण ठेवतंय?’’ मग त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीवर काट मारली. नायकाच्या चहावरही मारली; आसामात इंग्रजांचे मळेच 1830 च्या दशकात सुरू झाले म्हणे. ‘तो पाच मिनिटं ताटकळला’ या वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं. मी प्रामाणिकपणे हिशेब केला आणि सुधारलेल्या प्रतीत माझा विरहव्याकूळ नायक परसदारी साडेबारा पळं उभा राहिला.

पानिपतानंतर तो दहा-बारा वर्षांनी परत येतो आणि ती त्याला ओळखतच नाही, असा कळस मी योजला होता. स्नेह्यांना तो आवडला, पण भलत्याच कारणानं. भाऊसाहेबांचा तोतया असाच आला होता, आणि 1776 साली पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊसाहेब गेले हे पार्वतीबाईंनी कधी मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. ‘‘तुमच्या नायकाची चौकशी होईल,’’ स्नेही हात चोळत म्हणाले, ‘‘साक्षीदार, जबान्या, खुणा. उत्तम प्रकरण होईल.’’ मनोमीलनाच्या रात्री माझा नायक चौकीत जबानी देत बसलेला मला दिसू लागला.

मी त्याला पानिपतावरून परत बोलावला आणि पंगतीत बसवला. कारण वाड्यातली एकच जागा अशी, जिथं बायको नवऱ्यासमोर चारचौघांत उभी राहू शकते, आणि ती म्हणजे वाढताना. तो पानाकडे बघणार, ती त्याच्या पानाकडे. मग प्रेम, राग, पश्चात्ताप, सगळं तुपातून! अबोला असताना भातावर तूप थेंबभर. मन विरघळू लागलं की धार लांबते. मनोमीलनाच्या दिवशी तो ‘पुरे’ म्हणून आडवा हात धरतो आणि ती थांबत नाही. मी बेभान होऊन लिहिलं. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मधे वरणभाताची मूद, उजवीकडे भाज्या, भोवती महिरपी रांगोळी. पुरणपोळीचं पुरण पाट्यावर किती बारीक वाटलं इथपर्यंत गेलो. शृंगाराचं एक वाक्य अडलं की मी अळूच्या फदफद्याकडे वळायचो, आणि शृंगाराची वाक्यं माझी फार अडतात.

आत्यानं हे प्रकरण मात्र दोनदा वाचलं. मला वाटलं, जिंकलो.

‘‘तुपाची लोटी सुनेच्या हातात?’’ ती म्हणाली. ‘‘सासू मेली होती का?’’

सासू जिवंत होती. दुसऱ्या प्रकरणापासून माजघराच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडत होती, मीच लिहिलं होतं. आता त्या साऱ्या तुपाच्या धारा सासूच्या हातून पडू लागल्या, आणि कथेला लागलेलं वळण छापण्याजोगं राहिलं नाही. शेवटी सून कोशिंबीर वाढते असं केलं. कोशिंबिरीतून मन विरघळतं हे वाचकाला पटवायला माझ्याहून थोर प्रतिभा लागते.

हस्तलिखित तसंच पाठवून दिलं. संपादकांचं उत्तर मात्र लगेच आलं. मजकूर त्यांना मनापासून आवडला होता. फक्त त्या नवरा-बायकोचा भाग विषयाला सोडून वाटतो, तो गाळावा, आणि अळूच्या फदफद्यात शेंगदाण्यांऐवजी त्या काळी काय घालत तेवढं कळवावं, म्हणजे पाककृती विभागात घेता येईल.