काल संध्याकाळपर्यंत

मार्केट यार्डातील गाळे, पतसंस्थांच्या शाखा, छापखाने आणि गृहनिर्माण सोसायट्यांची कार्यालये अशा ठिकाणी हिशेबनिसांचा जो वर्ग अजून तग धरून आहे, त्यातील 'जुन्या सॉफ्टवेअरचे दिवाणजी' हा पोटवर्ग वाचकांच्या इतका ओळखीचा आहे की त्याच्या बाह्यरूपावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. खिशातील दोन पेने, चष्म्याची दोरी आणि कीबोर्डावरचे पिवळे पडलेले प्लास्टिकचे आच्छादन एवढ्याची नोंद घेऊन पुढे जाता येते. दिवाणजी म्हणजे पेढीचा मुख्य हिशेबनीस. आडत्याच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाळ्यात शेठच्या खालोखाल ज्याचा शब्द चालतो तो. येथे ज्या नमुन्याचा विचार करायचा आहे तो पुण्याच्या गुलटेकडीतील कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर आढळतो, परंतु सांगली, सोलापूर किंवा लासलगावच्या वाचकाला तो आपल्याच बाजारातला वाटला तर त्याने तसे खुशाल समजावे.

या वर्गाचे व्यवच्छेदक लक्षण वेशात नसून एका वाक्यात आहे. संगणकाशी संबंधित कोणतीही वस्तू बंद पडली, तिचे कारण काहीही असले आणि विचारणारा कोणीही असला, तरी दिवाणजींचे पहिले निवेदन "काल संध्याकाळपर्यंत चालत होतं" हेच असते. उंदराने माउसची वायर कुरतडून चार दिवस झालेले असोत, छपाईयंत्राची रिबन इतकी कोरडी पडलेली असो की शेतकऱ्याला आपले नाव कागद उन्हात धरून वाचावे लागावे, किंवा हार्डडिस्क गेले सहा महिने गिरणीसारखी घरघरत असो, निवेदनात फरक पडत नाही. वकील ज्याप्रमाणे अशिलाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा आधी मांडतो, त्याप्रमाणे दिवाणजी आधी यंत्राच्या चारित्र्याचा दाखला देतात, आणि त्यात आपल्या हातून काही झालेले नाही हा बचाव आपोआप येतो. हे वाक्य संगणकापुरते मर्यादित राहिलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याची क्ष-किरण प्रतिमा उजेडावर धरून "ही झीज दहा वर्षांची आहे" असे सांगितले, तेव्हाही दिवाणजींनी त्यांना हेच ऐकवले होते.

या माणसाला संगणकाचा शत्रू समजण्याची चूक नव्या पिढीतले बहुतेक जण करतात. वस्तुस्थिती उलट आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास, शेठला कॅल्क्युलेटरसुद्धा उधळपट्टी वाटत असताना, गाळ्यावर संगणक आणवला तो दिवाणजींनी. तो आल्यावर वर्षभर त्यांनी लाल चोपडीतली रोजकीर्द, म्हणजे दिवसभराच्या जमा-खर्चाची तारीखवार नोंद, आणि संगणकावरची रोजकीर्द अशी दोन्हीकडे लिखापढी केली, दर संध्याकाळी दोन्हींची शिल्लक ताडून पाहिली आणि पाडव्याला चोपडीच्या शेजारी कीबोर्डालाही हळदकुंकू वाहिले. (ते हळदकुंकू प्लास्टिकच्या आच्छादनामागच्या इतिहासाचा भाग आहे.) त्या काळी यार्डात त्यांना थोडे वाह्यात समजत. आज ज्यांना मागासलेले म्हणून हसले जाते ते त्या आवारातले पहिले आधुनिक होते. फक्त आधुनिक होऊन झाले की पुन्हा व्हावे लागते, ही अट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

त्यांचे सॉफ्टवेअर 'फॉक्सप्रो' या प्रणालीत लिहिलेले होते. माहितीचे तक्ते साठवून त्यांवर हिशेबाचे कार्यक्रम रचण्याची ही प्रणाली १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टने मूळ कंपनीसकट विकत घेतली आणि तिच्या अखेरच्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०१५मध्ये काढून घेतला. दरम्यानच्या काळात महाराष्ट्रातील गावोगावच्या तरुण प्रोग्रामरांनी तिच्यावर दुकाने, दवाखाने आणि दूधसंघ चालवले. दिवाणजींचा प्रोग्रामरही असाच एक. त्याचे नाव आणि सहा आकडी दूरध्वनी क्रमांक आजही निळ्या पडद्यावर सर्वांत आधी उमटतो, जरी त्या लांबीचे क्रमांक शहरातून केव्हाच हद्दपार झाले आहेत आणि तो स्वतः विमा विकू लागला आहे. त्याने नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची जागा ठेवली होती. परिणामी कित्येक शेतकरी गाळ्याच्या दप्तरी अर्धवट आडनावाने राहिले, आणि दिवाणजी त्यांना प्रत्यक्ष भेटीतही त्याच तुटक्या नावाने हाक मारतात. शेतकरीही ओ देतात.

या सॉफ्टवेअरची खरी कसोटी २०१६मध्ये लागली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. दिवाणजींच्या कार्यक्रमात मात्र आडत पट्टीतून, म्हणजे माल विकल्यावर वजन, भाव, हमाली आणि तोलाई मांडून शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या हिशेबाच्या कागदातून, वजा करण्याची रीत पक्की कोरलेली होती, आणि ती बदलण्यासाठी लागणारी मूळ संहिता प्रोग्रामरच्या एका जुन्या डिस्कबरोबर नाहीशी झाली होती. दिवाणजींनी एका रात्रीत तोड काढली: पट्टीतला आडतीचा दर शून्य केला आणि खरेदीदाराच्या बिलात रिकाम्या पोत्यांच्या किमतीचा जो 'बारदान' नावाचा रकाना होता त्यात आडत भरली. मग बारदान 'इतर'मध्ये गेले आणि इतर खर्च 'हमाली दोन'मध्ये. तेव्हापासून त्या गाळ्यात आडतीला बारदान म्हणतात. दरवर्षी लेखापरीक्षणाला येणाऱ्या नव्या मुलाला हा वंशवृक्ष समजावून देताना दिवाणजींच्या चेहऱ्यावर जे तेज दिसते ते एरवी फक्त ताळा जुळल्यावर दिसते. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि यार्डाबाहेरची जुनी सॉफ्टवेअरे एकामागोमाग आडवी झाली, पण ताज्या कांद्या-बटाट्यावर हा कर नाही आणि शेतमालाच्या आडतीवरही नाही, त्यामुळे दिवाणजी त्या वादळातून टोपीही न उडता बाहेर पडले.

टोपी उडाली ती संगणक बदलल्यावर. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, 'विंडोज १०'चा नियमित आधार संपवला, धाकट्या शेठांनी नवे यंत्र आणले आणि दिवाणजींनी त्यावर आपली फाइल उघडताच पडद्याने कळवले की हा कार्यक्रम या संगणकावर चालू शकत नाही. यामागचे कारण तांत्रिक असले तरी समजण्यासारखे आहे. संगणक एका वेळी किती लांबीची संख्या हाताळतो हे 'बिट' या एककाने मोजतात. दिवाणजींचा कार्यक्रम डॉस या जुन्या, केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीसाठी रचलेला होता, त्याला १६ बिटांच्या जगाची सवय होती, आणि ३२ बिटांच्या विंडोजमध्ये अशा वृद्धांसाठी एक वेगळी खोली राखून ठेवलेली असे. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत चालू लागला की ही खोली बांधण्याची सोयच त्याच्यात उरत नाही, आणि २०२१मध्ये आलेली 'विंडोज ११' ही फक्त ६४ बिटांचीच निघते. म्हणजे यंत्र कमी पडले नव्हते, जास्त झाले होते. असा प्रकार पूर्वीही घडला आहे: टर्बो पास्कल भाषेत लिहिलेले अनेक कार्यक्रम सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजत, आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले तेव्हा मोजणीचे उत्तर १६ बिटांच्या घरात मावेना म्हणून 'रनटाइम एरर २००' एवढे बोलून तिथेच मान टाकत. ही हकिगत संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने करमणूक म्हणून सांगितली, दिवाणजींनी ती अत्यंत गांभीर्याने ऐकली आणि म्हणाले, "बघ. मी तेच म्हणतोय. काल संध्याकाळपर्यंत चालत होतं."

"काका, काल संध्याकाळी हे यंत्रच नव्हतं," असे मुलाने नम्रपणे निदर्शनास आणले. युक्तिवाद बिनतोड होता, पण दिवाणजींवर त्याचा परिणाम झाला नाही.

त्या मुलाने अखेर 'डॉसबॉक्स' बसवला. नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करणारा हा कार्यक्रम मुळात जुने व्हिडिओ खेळ खेळता यावेत म्हणून बनवलेला आहे, हे त्याने सांगायला नको होते. खतावणी, म्हणजे ज्याच्या-त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते दाखवणारी वही, खेळाच्या यंत्रात उघडायची या कल्पनेने दिवाणजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निळा पडदा मात्र हुबेहूब उमटला, सहा आकडी क्रमांकासकट, आणि दिवाणजींची बोटे डोळ्यांना न विचारता चालू लागली: दोनदा एंटर, खाली बाण, पुन्हा एंटर, खाते क्रमांक, एफ-दोन. मुलगा मागे उभा राहून पाहत होता. माउस उचलायला त्याला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात तीन पट्ट्या तयार झाल्या होत्या. छापायची वेळ आली तेव्हा घात झाला. त्या कार्यक्रमाला छपाईयंत्राकडे जाणारा रस्ताच ठेवलेला नाही, कारण खेळणाऱ्याला पट्टी द्यावी लागत नाही. दोन्ही कडांना भोके असलेला अखंड कागद ओढत, कार्बनसह तीन प्रती कर्कश आवाजात ठोकणारे डॉट मॅट्रिक्स यंत्र कोपऱ्यात गप्प बसून राहिले. त्याच्याविषयी दिवाणजी काय म्हणाले ते सांगण्याची आवश्यकता नाही.

धाकट्या शेठांनी मग 'क्लाउड'वरचे सॉफ्टवेअर घेतले. आपला हिशेब दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकावर ठेवायचा आणि तो पाहण्यासाठी दरवर्षी भाडे भरायचे, या पद्धतीला हे नाव आहे. ते चालवायला बी.कॉम. झालेला एक चलाख तरुण आला, जुने यंत्र आयकराची एखादी विचारणा आली तर असावे म्हणून जिन्याखाली हलवले गेले आणि दिवाणजींकडे रोकड मोजण्याचे काम राहिले. त्याच महिन्यात थोरले शेठ झोपेत गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दिवाणजी दारातच सांगत होते, "काल संध्याकाळपर्यंत गाळ्यावर होते हो. बोलत होते." बाजारातली माणसे एरवी त्या वाक्याची नक्कल करून दाखवत. त्या दिवशी सगळ्यांनी मान हलवली.

जिन्याखालचे यंत्र पुढे एकदाच सुरू झाले, भावाभावांतल्या वाटणीसाठी, आणि तेव्हा त्या तरुणाच्या ध्यानात एक गोष्ट आली, जिच्यामुळे या प्रकरणातील माणसाविषयी थोडे निराळे बोलणे भाग पडते. थोरले शेठ सज्जन होते, पण व्यापारी होते, आणि भाव पडलेल्या हंगामात ते अधूनमधून सांगत की दिवाणजी, या पट्टीत गोणीमागे किलोभर घट टाका, किंवा मागच्या आठवड्याची ती पट्टी काढून जरा भाव उतरवा. घट म्हणजे वाळण्या-सडण्यापोटी वजनातून कापायचा भाग. दिवाणजी पडद्याकडे बघत, दोन-तीन कळा दाबत आणि चुकचुकत म्हणत, "सिस्टिम घेत नाही, शेठ. पट्टी एकदा निघाली की कुलूप पडतं." शेठ चडफडत. एकदा तर त्यांनी प्रोग्रामरला बोलावून ही कसली सोय केली म्हणून झापले होते, आणि त्या तरुण प्रोग्रामरने दिवाणजींच्या तोंडाकडे क्षणभर पाहून, होय, तशी बदलायची सोय नाही, असे उत्तर दिले होते. वाटणीच्या निमित्ताने नव्या हिशेबनिसाने त्या निळ्या पडद्यावर एक जुनी पट्टी उघडली, सहज म्हणून वजनाच्या आकड्यावर दुसरा आकडा टाकला आणि एंटर दाबले. सिस्टिमने तो मुकाट घेतला. कुलूप नव्हते. कोणत्याही वर्षाची, कोणत्याही शेतकऱ्याची पट्टी कोणालाही बदलता आली असती, आणि मागे खूणही राहिली नसती.

कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. परंतु तो कंपन्यांना आहे, भागीदारीत चालणाऱ्या आडत पेढीला नाही, त्यामुळे क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद ठेवायची की नाही हे पेढीने ठरवायचे असते. यंदा उन्हाळ्यात भाव पडले. धाकट्या शेठांनी नव्या हिशेबनिसाला, सिस्टिम घेईल का अशी शंका मनात ठेवूनच, गोणीमागे किलोभर घटीचे विचारले.

"घेईल की, शेठ," तो म्हणाला. "कुठल्या तारखेपासून टाकू?"