चारचौघांचा शब्द विकत घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

धंद्याला भांडवल, माल आणि गिऱ्हाईक लागते, असा जुन्या पिढीचा समज होता. हल्ली या तिन्हींच्या आधी डोमेन लागते. तेही साधेसुधे चालत नाही. एकाच शब्दाचे, शब्दकोशातले, रिक्षावाल्याला एकदा सांगितले की लक्षात राहील असे हवे. असे डोमेन घेऊन लवकरात लवकर वकिलाची नोटीस मिळवू इच्छिणाऱ्या होतकरू उद्योजकांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणापुरते आपण घरगुती जेवणाचे डबे पोहोचवणारा एक व्यवसाय कल्पू आणि त्याचे नाव ‘डबा डॉट कॉम’ धरू.

प्रथम विकणाऱ्याला शरण जावे. तो तुम्हाला 1999 मध्ये 75 लाख डॉलरला गेलेल्या बिझनेस डॉट कॉमची आणि 2019 मध्ये 3 कोटी डॉलरला गेलेल्या व्हॉइस डॉट कॉमची गोष्ट सांगेल. मान डोलवावी. शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून त्याला इतका भाव आहे, असे तो म्हणेल आणि ते खरेच आहे. याच कारणाने तो शब्द कायद्याने तुमचा होणे अवघड आहे, हे मात्र तो म्हणणार नाही. विकणाऱ्याचे ते कामही नव्हे.

पैसे भरल्यावर ट्रेडमार्कचा अर्ज करावा. (पैसे भरण्याआधी चौकशी करणे ही कद्रू माणसाची लक्षणे आहेत.) ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये आणि बाकीच्यांना 9,000 रुपये फी आहे. वर्ग एकूण 45. जेवण पुरवणे 43 व्या वर्गात, ते पोहोचवणे 39 व्या आणि त्यासाठीचे मोबाइल ॲप 9 व्या. डबा एकच, फी मात्र तीनदा.

यानंतर येते ती परीक्षकाची हरकत. ट्रेडमार्क कायदा, 1999, कलम 9: जो शब्द मालाचा किंवा सेवेचा प्रकार, गुण, उपयोग वा उगमस्थान सांगतो, त्याची नोंदणी होत नाही. डबेवाल्याला ‘डबा’ शब्दावर मक्तेदारी दिली, तर बाकीच्या डबेवाल्यांनी काय ‘झाकणासह अन्नपात्र’ म्हणायचे? हाच शब्द बुटांसाठी घेतला असता तर एक वेळ चालला असता. पण बुटांच्या धंद्याला डबा डॉट कॉम हे नाव देण्याइतका आत्मविश्वास मराठी माणसात अजून आलेला नाही.

कलमात एक पळवाट आहे. अर्जाच्या तारखेपूर्वीच वापरामुळे त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाली असेल, म्हणजे ‘डबा’ ऐकताच लोकांना पोळी-भाजी न आठवता तुमची कंपनी आठवत असेल, तर नोंदणी होऊ शकते. थोडक्यात, ज्या अर्थासाठी एवढे पैसे मोजले तो अर्थ लोकांच्या डोक्यातून पुसून काढायचा, आणि त्यासाठी आणखी पैसे मोजायचे. जाहिरातीचे बजेट त्या बेताने ठेवावे.

ही साधना अमेरिकेत एका कंपनीने तडीस नेली. बुकिंग डॉट कॉमला तिथल्या ट्रेडमार्क कार्यालयाने नकार दिला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मे 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, त्या न्यायालयाच्या इतिहासात प्रथमच फोनवरून युक्तिवाद झाला तो याच खटल्यात. जूनमध्ये 8 विरुद्ध 1 असा निकाल लागला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले की सर्वसामान्य शब्दाला ‘डॉट कॉम’ जोडले म्हणजे ते नाव आपोआप सर्वसामान्य ठरत नाही. ग्राहक त्याला काय समजतात ते बघायचे. कंपनीने पाहणी सादर केली होती आणि 74.8 टक्के लोकांना ते ब्रँडचे नाव वाटले होते.

विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी त्याच पाहणीतला दुसरा आकडा काढला. 33 टक्के लोकांना ‘वॉशिंगमशीन डॉट कॉम’ हाही ब्रँड वाटला होता आणि तशी कंपनीच अस्तित्वात नव्हती! धंदा न करता एक तृतीयांश प्रसिद्धी मिळते, हे आपल्या होतकरूंनी टिपून ठेवावे. खरी गंमत पुढेच आहे. जिंकलेल्या कंपनीनेच न्यायालयापुढे कबूल केले होते की आपले चिन्ह दुबळे आहे आणि इतरांना ‘बुकिंग’ शब्द वापरण्यापासून ते अडवू शकणार नाही. एवढी लढाई करून जे हाती लागले ते असे. आपला डबा कुठल्या न्यायालयापर्यंत न्यायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

भारतात मात्र ‘शब्द तर सगळ्यांचा आहे’ एवढ्या भांडवलावर बिनधास्त उतरावे. सन 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘म्युच्युअलफंड्सइंडिया’ हे वर्णनात्मक नाव म्हणून मनाई हुकूम नाकारला. हे वाचून हुरूप आला असेल, तर 2002 चा निकाल वाचू नये. त्यात त्याच न्यायालयाने नौकरी डॉट कॉमच्या बाजूने हुकूम दिला. समोरच्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त एक ‘ए’ वाढवला होता. ‘नौकरी’ याहून सार्वजनिक शब्द कोणता? पण वापराने ओळख मिळवली आणि समोरचा त्या ओळखीवर स्वार व्हायला निघाला, की शब्दकोश मदतीला येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाकडे तर ‘शादी’ या एकाच शब्दाचे दोन अनुभव आहेत, आणि दोन्ही वेळा न्यायमूर्ती गौतम पटेलच. 2014 मध्ये शादी डॉट कॉमला दिलासा मिळाला. समोरच्या ‘शादी ही शादी’वाल्यांनी आपल्या संकेतस्थळाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या मेटाटॅगमध्ये, वादीचेच नाव भरून गिऱ्हाईक वळवले होते. 2016 मध्ये ‘सेकंडशादी’विरुद्ध मात्र अंतरिम मनाई मिळाली नाही, कारण लग्न जुळवणाऱ्यांसाठी ‘शादी’ हा शब्द वर्णनच आहे. म्हणजे प्रश्न शब्दाचा नसून दानतीचा होता. ज्यांना नोटीस हवीच आहे त्यांनी पहिला मार्ग धरावा: स्पर्धकाचे नाव मेटाटॅगमध्ये कोंबावे, त्याच्याच रंगाचा लोगो करावा आणि कोणी विचारले तर शब्दकोश पुढे करावा.

नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही चिन्हांचा शोध घेता येतो. उच्चारावरून शोधण्याचीही सोय आहे. हा शोध फुकट आहे, म्हणूनच कोणी घेत नसावे. घेतलाच आणि ‘डबा’ सापडला नाही, तर रान मोकळे समजावे. नोंदणी नसलेला जुना वापरकर्ताही ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे त्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा, दावा लावू शकतो आणि डोमेनलाही तो नियम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सिफीच्या खटल्यात सांगितले आहे, तिकडे काणाडोळा करावा.

एक खास युक्ती जुन्या डोमेनबाबतची. विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘साहेब, हे 1998 पासूनचं आहे, तो ब्रँड तर तेव्हा जन्मलाही नव्हता.’ ऐकून हायसे वाटते. पण डोमेन नव्या हातात गेले की डॉट कॉमच्या तंट्यांसाठीच्या लवादात सहसा खरेदीची तारीख धरतात: तुम्ही घेतले त्या दिवशी तो ब्रँड गाजत होता का? विकणाऱ्याचे वय विकणाऱ्याबरोबर गेले. तिथे निदान नोंदणी आणि वापर दोन्ही बदहेतूने झाल्याचे तक्रारदाराला दाखवावे लागते. डॉट इनच्या धोरणात दोहोंपैकी एकही पुरते. लवाद भरपाई द्यायला लावत नाही, डोमेन तेवढे काढून घेतो. त्याला मदत करायची असेल, तर नोटीस येताच ‘दोन कोटींत देऊन टाकतो’ असे उत्तर मेलवर पाठवावे. ब्रँडच्या मालकालाच चढ्या भावात विकायला काढणे हा बदहेतूचा ठरलेला पुरावा आहे. मेलवर असल्याने तो हरवतही नाही.

इतके करूनही कोणी भांडायला आलेच नाही, तर खचू नये. त्याचा अर्थ तुमचे नाव खरोखर वर्णनात्मक आहे, आणि गल्लीतले बाकी सारे ‘ताजा डबा’, ‘पुणेरी डबा’, ‘डबा एक्स्प्रेस’ उघडतील तेव्हा तुम्हालाही काही करता येणार नाही. आपल्या मालाचे प्रामाणिक वर्णन करणाऱ्याला कलम 30 संरक्षण देते. मग शेवटचा उपाय म्हणून आडनाव लावावे. बेडेकर, चितळे यांनी शब्दकोश न चाळता दुकाने काढली आणि त्यांचे काही अडले नाही. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला कलम 35 चा आधारही आहे. अर्थात तोच आधार तुमच्या चुलतभावालाही आहे, आणि तो डबे सुरू करणार नाही याची हमी कोणताही रजिस्ट्रार देत नाही. तेव्हा संकेतस्थळाच्या तळाशी ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही ओळ ठळक टाइपात टाकून ठेवावी. तिची फी लागत नाही.