आप्पांचा तास

निवृत्त मास्तर घरात असला की रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागत नाही, तास लागतो. आप्पा त्यातलेच. नातवाने त्यांना यूट्यूब शिकवलं आणि त्याची शिक्षा सगळं घर भोगतंय. फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट, पुण्याच्या बालचित्रवाणीचे शालेय पाठ, 1984 पासून दूरदर्शनवर लागायचे ते यूजीसीचे कार्यक्रम... आप्पांना जलचक्रापासून परागीभवनापर्यंत काहीही चालतं.

बसायची शिस्त ठरलेली. उंच मुलं मागे, म्हणून जावईबापू सतरंजीच्या शेवटच्या रांगेत. केळं चालतं, चिवडा चालत नाही, आवाज होतो. पडद्यावर पांढऱ्या कोटातले गृहस्थ परीक्षानळी तापवतात आणि निवेदक अशा सुरात बोलतो की शेजारी कुणीतरी गेलं असावं.

"आजोबा, दुप्पट वेगाने लावू?" नातू विचारतो.

"फूल काय दुप्पट वेगाने उमलतं?"

नेमकं तेव्हाच पडद्यावर कळीचं फूल होतं, तीन सेकंदांत.

विजया मुळे यांची 1974 सालची 'एक अनेक और एकता' लागली की मात्र वर्ग बिघडतो. जेमतेम 7 मिनिटांची फिल्म, पण सूनबाईंना गाणं पाठ, जावईबापू मांडीवर ठेका धरतात. आप्पांना हे खपत नाही. मुलं खूश दिसली म्हणजे शिकत नाहीत, हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. लगेच फिल्म थांबते. "यावरून काय बोध घेतला?"

स्वतः आप्पा फिल्म बघतच नाहीत. शाळेतला 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर तेच चालवायचे. एक डोळा तुटणाऱ्या फितीवर, दुसरा मागच्या बाकांवर. परागकण शेवटी पोहोचला की नाही, हे त्यांना अजूनही नक्की ठाऊक नसावं. आता प्रोजेक्टर नाही, त्यामुळे टीव्हीकडे पाठ करून ते पूर्ण वेळ आमची तोंडं बघतात. फिल्म हा नुसता बहाणा. त्यांना वर्ग हवा असतो, आणि सक्तीने बसवता येईल असा वर्ग आता आमच्याशिवाय कुठे उरलाय?

शेवटी तोंडी परीक्षा.

"परागीभवनाचे प्रकार किती?"

सगळे सतरंजीचे दोरे मोजतात.

"दोन. स्वपरागीभवन नि परपरागीभवन," स्वयंपाकघरातून आजी सांगते.

"हात वर करून!" आप्पा दटावतात.

कणकेने माखलेले दोन्ही हात दारातून वर होतात.

"एकच पुरे," आप्पा म्हणतात.