पेठ कोणती, पाव्हणं?

आमच्या वडनेर भोलजीत फुटबॉल दिसतो तो चार वर्षांतून एकदा, टीव्हीवर, तोही अर्ध्या रात्री. त्यामुळे ‘फुटबॉलची मॅच पाहायला कोल्हापूरला चाललो’ असं हायवेवरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा एकानेही विश्वास ठेवला नाही. "अंबाबाईले जातो म्हण ना भाऊ, लाजतं कायले?" असं म्हणून एकाने प्रसादासाठी अकरा रुपयेही दिले.

मलकापूरला संध्याकाळी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची. ही गाडी गोंदियाहून निघते आणि राज्याची वेस न ओलांडता थेट कोल्हापूर गाठते. भुसावळ, मनमाड, दौंड रात्रीत उरकतात. साताऱ्याला कंदी पेढे येतात आणि तिथून पुढे डब्यात कोल्हापूरकर बोलू लागतात.

"कुणाकडं निघाला?"

"फुटबॉल पाहायला."

समोरच्या गृहस्थांनी लगेच मला खिडकी दिली. "पेठ कुठली?"

"वडनेर भोलजी."

"ही कुठं आली? फुलेवाडीच्या पल्याड?"

"नांदुऱ्याच्या अलीकडे."

मग मिरजेपर्यंत माझी शिकवणी झाली. कोल्हापूर कुस्तीचं गाव. शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभं केलं, पेठांपेठांत तालमी घुमू लागल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉलही जवळ केला. म्हणून संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली. तिच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये 16 संघ खेळतात. इथे सिनेनट मालक नाही, खेळाडूंचा टीव्हीवर लिलाव नाही. संघ पेठेचा आणि पेठ सगळ्यांची, त्यामुळे प्रशिक्षकाला सल्ला द्यायचा हक्क दूधवाल्यापासून वकिलापर्यंत प्रत्येकाला जन्मसिद्ध.

दुपारी शाहू स्टेडियमवर पोचलो. सिमेंटच्या पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. हातात भडंगाची पुडी घेऊन बसलो. दोन शेजारच्या पेठांचा सामना होता. एकाने सुरेख पास दिला, मी टाळी वाजवली. पुढची अख्खी रांग मागे वळली.

"कुणाकडनं हाईसा?"

"कोणाकडूनच नाही. चांगला खेळ दिसला की टाळी वाजवतो."

"असं चालत न्हाई, पाव्हणं."

दोन मिनिटांनी दुसऱ्या संघालाही टाळी दिली, तेव्हा माझ्याकडे पाहणाऱ्या नजरांत राग उरला नाही, नुसती काळजी होती. एका आजोबांनी प्रेमाने सुचवलं, "तुम्ही मधी जाऊन बसा." मधे म्हणजे दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांना भिडू नयेत म्हणून पोलीस उभे असतात तिथे. अख्ख्या स्टेडियममध्ये तटस्थ माणसासाठी राखीव जागा तेवढीच.

शेजारच्या हवालदारांना विचारलं, "साहेब, तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"ड्युटीवर हाय," ते करड्या आवाजात म्हणाले. एवढ्यात गोल झाला आणि त्यांची काठी आपोआप वर गेली. त्यांनी ती सावकाश खाली आणली आणि आभाळाकडे बघितलं.

गोल मारणारा गडी नायजेरियाचा. इथल्या संघांकडून परदेशी खेळाडूही खेळतात. गोल झाला तेव्हा तो ‘आपल्या पेठेचा वाघ’ होता. पुढच्या दहा मिनिटांत एक संधी हुकली, तर त्याच्या व्हिसाची चौकशी सुरू झाली. रेफ्रीच्या तर मागच्या तीन पिढ्यांचा उद्धार झाला, आणि तो मात्र रोजची आरती ऐकावी तसा शांत होता.

या आरडाओरड्याला हसणं सोपं आहे. पण 2017 साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. विश्वचषकाच्या दिवसांत हेच लोक चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे भलेमोठे कटआउट उभारतात आणि हंगाम आला की त्याच उत्साहाने गल्लीतल्या पोरासाठी घसा फोडतात. मेस्सीला एवढं प्रेम देणारी गावं पुष्कळ असतील. गल्लीतल्या पोराला देणारी फार नाहीत.

सामना बरोबरीत सुटला, म्हणजे दोन्ही पेठा जिंकल्या. बाहेर पडताना ते आजोबा पुन्हा भेटले. "मग? ठरली का पेठ?"

वाचकहो, पावसाळा सरला की हंगाम सुरू होतो. जरूर जा. पण निघण्याआधी एक पेठ पक्की करा. रेल्वेचं रिझर्व्हेशन नंतर केलं तरी चालेल.