दम लागला की इतिहास

सोलापुरात डोंगर नाही. किल्ला आहे, तोही भुईकोट. रिक्षातून उतरलं की समोर तट, शेजारी सिद्धेश्वराचं तळं. म्हणूनच की काय, इथल्या पेठापेठांत डोंगरी किल्ल्यांसाठी झुरणारे एक तरी अण्णा सापडतात. पावसाळा सरला की वर्गणी जमते, गाडी ठरते आणि अण्णा पुढच्या सीटवर बसतात. ड्रायव्हरशी कानडी, फोनवर तेलुगू, इतिहासाला मराठी. मांडीवर शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा.

रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला उतरताच ते हिशेब मांडतात. "सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटर, रायगड आठशे वीस. म्हणजे निम्मा रायगड आपण जन्मतःच चढून आलाव बे!" हिशेब चोख असतो. अण्णांच्या गुडघ्यांना मात्र तो कुणी सांगितलेला नसतो.

चढ सुरू झाला की पोरांच्या एक गोष्ट लक्षात येते: अण्णांना इतिहास दम लागल्यावरच आठवतो. सपाटीवर ते मुके. खूबलढा बुरुजापाशी छाती भात्यासारखी चालायला लागली, की हात वर होतो, "थांबा, हे बघून घ्या!" पुढं दहा मिनिटं बुरूज. मग थोडं चालणं आणि पुन्हा व्याख्यान. महादरवाजाला तर बसूनच, कारण त्यावरच्या दगडी कमळांचा अर्थ उभ्यानं सांगता येत नाही म्हणे.

सगळ्यात लांबतो तो १८१८ चा मे महिना. इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावरचे वाडे जळाले, रायगड पडला. अण्णा बोट दाखवतात तिकडं कधी पोटला असतो, कधी नुसता ढग. "त्याच महिन्यात मन्रोनं आपला सोलापूरचा कोटबी घेतला. दोन्ही एकदमच गेले. मग एवढ्या उंचीचा काय उपयोग झाला ओ?" या प्रश्नाला भल्याभल्या इतिहासकारांनाही उत्तर सुचू नये. निदान चढावर तरी.

माथ्यावर माणूस बदलतो. राजसदरेवर एका पोराला नगारखान्यापाशी पिटाळून अण्णा सिंहासनाच्या जागेजवळून हळूच काही पुटपुटतात. तिथं कुजबुजलेलंही पार दारापर्यंत ऐकू जातं, अशी त्या बांधणीची ख्याती. तिकडून उत्तर येतं, "डबा गाडीतच राहिला, अण्णा!"

बाजारपेठेच्या दोन लांब रांगांपुढं त्यांच्यातला व्यापारी जागा होतो. घोड्यावरून सौदा व्हायचा की नाही, या वादात ते पडत नाहीत. "जोती बघा, रस्त्याची रुंदी बघा. नवी पेठेत एवढी जागा असती तर!" मग मनातल्या मनात गाळ्यांचं भाडं ठरवत चालतात.

जगदीश्वराच्या देवळात पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्या माणसानं पायरीवर नाव ठेवलं. इथं मात्र अण्णा दम लागलेला नसतानाही थांबतात, टोपी काढतात, आणि माहिती सांगत नाहीत.

उतरताना रोपवे. ही सोय १९९६ पासूनची. पाळणा दरीवर आला की कुणीतरी मुद्दाम विचारतं, "अण्णा, तो पोटला नेमका कुठला?"

अण्णांचे डोळे गच्च मिटलेले असतात. "खाली गेल्यावर बोलू की बे."