नुकतीच सोडलेले

सिगारेट ओढणाऱ्यापासून चार पावलं लांब उभं राहता येतं. नुकतीच सोडलेल्यापासून सुटका नाही. तो पहाटे साडेपाचला बूट घालून आपल्या दाराची बेल वाजवतो.

आमच्या सोसायटीतले भाऊ त्या जातीचे. जन्मभर त्यांचं घड्याळ सिगारेटवर चाललं. बसस्टॉप घरापासून ‘एका सिगारेटवर’. स्वारगेट? ‘ट्रॅफिक नसेल तर तीन.’ स्वतःच्या मुलाला मुंजीत ताटकळत बसलेलं पाहून, ‘गुरुजींचं अजून दोन सिगारेटींचं काम आहे,’ असं ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले होते. डॉक्टरांनी दम भरला तेव्हा सिगारेट सुटली, हिशेब सुटला नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या म्हणजे आता ‘दीड सिगारेट, थांबे धरून’. थांबे अर्थात माझ्यासाठी. ते स्वतः कठड्याला धरून उभे असतात ते म्हणे देखावा बघायला.

आणि वर ज्ञान. ‘अरे, शेवटची ओढल्यावर वीस मिनिटांत नाडी उतरायला लागते. बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड ताळ्यावर. वर्षभरात हार्टचा धोका निम्मा!’ हे मला. मी उभ्या जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही. ‘भाऊ, मी काय सोडू?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘तेच तर! तुझ्याकडे सोडायला काही नाही, तुला चालावंच लागणार.’

तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाय हलते ठेवायचे, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. सल्ला खराच आहे, पण तलफ मुहूर्त बघून येत नाही. पुतणीच्या लग्नात पहिला भात वाढला आणि भाऊ पानावरून उठले. दोन बोटांत लवंग धरून तरातरा कार्यालयाला फेऱ्या. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे काका मानपानावरून रुसले. व्याही मागे, व्याह्यांच्या मागे शालजोडी घेतलेला भटजी, आणि सगळ्यांच्या पुढे भाऊ! ‘एकच सिगारेट थांबा,’ असं ते मागे वळून ओरडले, तेव्हा तर व्याह्यांनी खरोखरच पाकीट मागवलं.

एकदा मी वैतागून विचारलं, ‘एकटे का जात नाही हो?’

भाऊ लवंग चावत राहिले. मग ऑफिसातल्या दिवसांचं सांगू लागले. २ ऑक्टोबर २००८ पासून ऑफिसात ओढायला बंदी आली आणि सगळे फाटकाबाहेरच्या टपरीवर आले. दोरीला बांधलेला एकच लायटर. साहेब वाकायचा, मग शिपाई वाकायचा. कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं जमत नाही, सगळं भाऊंना तिथे कळायचं. ‘पर्वतीवर शेकड्यानं माणसं असतात रे, पण सगळ्यांच्या कानांत बोंडं. माचिस कुणी मागत नाही. वेळसुद्धा विचारत नाहीत, मनगटावरच असते.’

माणूस डोक्याला ताप आहे, यात मी अजूनही बदल करणार नाही. मागच्या आठवड्यात गुडघ्याचं निमित्त सांगून मी घरी राहिलो. संध्याकाळी महानारायण तेलाची बाटली घेऊन भाऊ हजर. बाटली टीपॉयवर राहिली. आधी चहा, मग साहेबाच्या बदलीची जुनी भानगड, मग पुन्हा चहा. आतून जेवायची पानं घेऊ का म्हणून विचारणा झाली, तरी गुडघ्याचा विषय निघाला नव्हता.