उबदार फरशीचे स्वागत असो

नामपूरकरांनी घरोघरी फरशीखाली हीटिंग बसवावे, या विचाराचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. रोमनांनी हे दोन हजार वर्षांपूर्वी केले, कोरियात आजही आहे. मोसम खोऱ्यानेच मागे का राहावे? वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फरशी आपोआप तापते खरी. पण फुकटच्या उबेला प्रतिष्ठा नसते.

पूर्वीची सारवलेली जमीन थंडीत पायाला एवढी बोचत नसे. ती उखडून आपण व्हिट्रिफाइड टाइल बसवली. आता टाइल गार लागते, म्हणून तिच्याखाली केबल. केबलखाली उष्णतारोधक थर हवाच, नाहीतर ऊब धरणीमातेच्या पोटात जाते. गरम पाण्याचे पाइपही मिळतात. पण पाण्याचा विषय बागलाणात न काढलेला बरा. कांद्याच्या चाळीत मात्र हे बसवू नये. कांद्याला खालून खेळती हवा लागते. तो अजून माणसाइतका पुढारलेला नाही.

राहता राहिली वीज. शेतीपंपाची पाळी रात्रीची असली की डिसेंबरात घरमालक गार चिखलात अनवाणी उभा राहून कांद्याला पाणी भरतो. तेवढ्या वेळात घरची फरशी छान तापून राहील. इच्छुकांनी टाइल फोडण्यापूर्वी फीडरचे वेळापत्रक पाहून घ्यावे.